सर्व ऋतूंची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवीत असे, तिला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. धाव चढविण्याचे काम ज्यांनी लहानपणी पाहिले असेल त्यांना ते आठवत असेल. गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेले कडे चाकावर बसवीत, लगेच त्यावर पाणी ओतीत, आणि थंड होताना आकसलेले लोखंड लाकडाला घट्ट आवळून धरी. इंग्रजीतला 'टायर' हा शब्द मुळात याच वस्तूचा. वेशभूषा अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दापासून तो आला, असे कोशकार मानतात. टायर म्हणजे चाकाला घातलेला पोशाख.

ही लोखंडी धावसुद्धा ऋतूंपासून मुक्त नव्हती. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसले की धाव सैल पडे, आणि मग गाडीवान चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत घालून ठेवी. चाक कोणतेही असो, त्याला सगळे ऋतू एकाच पोशाखावर काढता येतील काय, हा प्रश्न आपल्या बाजारातील मोटारींच्या टायरांपेक्षा पुष्कळ जुना आहे.

माझ्यापुढे हा प्रश्न २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फोनवरून आला. आमची कन्या टोरांटोला असते. तिने जुनी गाडी घेतली होती आणि चारही टायर बदलायचे होते. ती म्हणाली, "बाबा, इथला दुकानदार विचारतोय, ऑल-सीझन घेणार, ऑल-वेदर घेणार की विंटर? ऑल-सीझन म्हणजे सगळे ऋतू आलेच ना? मग बाकीचे दोन कशाला?" मराठीत या दोन्ही शब्दांचे भाषांतर करून पाहिले तर फरक उरत नाही. चाळीस वर्षे कागदपत्रांत शब्दांचे अर्थ लावण्यात गेली असल्यामुळे मला स्वस्थ बसवेना. त्या निमित्ताने जे वाचले आणि जुळवले, त्यातून हा लेख झाला आहे. टायरांशी माझा एक जुना हिशेबही आहे. तो पुढे येईल.

रबर या पदार्थाच्या व्यवहारातील इतिहासाचा आरंभच ऋतूंच्या तक्रारीने झालेला आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेत रबरी बूट, कोट व पिशव्या यांची मोठी हौस निर्माण झाली. पाणी आत शिरत नाही, हा गुण सर्वांना भावला. पण कच्चे रबर उन्हाळ्यात पाघळून चिकट व दुर्गंधीयुक्त होई आणि हिवाळ्यात लाकडासारखे कडक होऊन तडकत असे. ग्राहकांनी माल परत आणला आणि कारखाने बुडाले. चार्ल्स गुडइयर हा गृहस्थ याच काळात रबराच्या नादी लागला. टपालखात्यासाठी त्याने केलेल्या रबरी पिशव्याही उष्णतेने बिघडून गेल्या. १८३९ मध्ये गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीच्या संपर्कात आले. ते वितळण्याऐवजी चामड्यासारखे चिवट झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. रबराच्या लांब रेणुसाखळ्यांना गंधकाचे अणू जागोजाग सांधतात, म्हणून ते ताणले तरी पूर्वस्थितीला येते आणि उष्णतेने पाघळत नाही, हे स्पष्टीकरण पुष्कळ नंतरचे. या प्रक्रियेचे, म्हणजे व्हल्कनायझेशनचे, अमेरिकन पेटंट त्याला १८४४ मध्ये मिळाले. १८६० मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याच्या डोक्यावर मोठे कर्ज होते. त्याच्या नावाची प्रसिद्ध टायर कंपनी १८९८ मध्ये ओहायोतील अॅक्रन येथे निघाली. तिचा त्याच्याशी संबंध केवळ नावापुरता.

ऋतूंना तोंड देणारे पहिले रबर कोणते, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच १८३९ असे द्यावे लागते. त्यानंतरच्या साऱ्या सुधारणा त्या एका यशाच्या दोन्ही बाजूंच्या मर्यादा थोड्या थोड्या रुंदावण्याच्या आहेत. कडाक्याच्या थंडीत रबर आजही ताठर होते आणि फार उन्हात आजही लवकर झिजते.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याची. त्याने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण तेव्हा ना मोटारी होत्या ना सायकली, त्यामुळे जग ती विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट १८९० मध्ये रद्द ठरले, तरी नाव मात्र त्याचेच राहिले. फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ गावच्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये चाकावरून सहज काढता-घालता येणारा टायर केला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांनी हवेच्या टायरांची मोटार उतरवली. तिची पंक्चरे काढता काढता ठरलेली मुदत टळून गेली, पण मोटार हवेवर चालू शकते हे लोकांनी पाहिले.

त्या काळी गाडीबरोबर जादा चाक नसे. टायर फुटला की रस्त्यातच बसून तो दुरुस्त करावा लागे. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी टायर चढवलेली एक जादा धाव विकायला आणली. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून तिला 'स्टेपनी स्पेअर व्हील' असे नाव पडले. इंग्लंडात हा शब्द केव्हाच मागे पडला, पण आपल्याकडे बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी 'स्टेपनी' हाच शब्द आहे. वेल्समधील एका गल्लीचे नाव आपण शंभर वर्षांहून अधिक काळ डिकीत वागवीत आहोत, ही गंमत कित्येकांना ठाऊक नसते.

आरंभीचे टायर पांढुरके असत आणि त्यांचा पृष्ठभाग सपाट असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे टायर काळा झाला आणि पूर्वीपेक्षा कितीतरी पट टिकाऊ झाला. पृष्ठभागावर नक्षी कोरण्याचे कारण शोभा नव्हते. ओल्या रस्त्यावर चाक आणि डांबर यांच्यामध्ये सापडलेले पाणी बाजूला जाण्यास वाट हवी, म्हणून मोठे चर पाडू लागले. रबराच्या ठोकळ्यांत बारीक काप घेतले तर त्यांच्या कडा निसरड्या जमिनीला धरतात, हे जॉन सायप या अमेरिकनाने ओळखून १९२३ मध्ये पेटंट घेतले. ते काप आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. पाणी वाहून नेणारे चर आणि धरून ठेवणारे काप अशा दोन गोष्टी प्रत्येक टायरवर दिसतात. त्यांचे प्रमाण कसे ठेवायचे, यावर तो टायर कोणत्या ऋतूचा हे पुष्कळसे ठरते.

बर्फाचा टायर वेगळा काढण्याचे श्रेय फिनलंडकडे जाते. नोकिया या गावच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी हिवाळी टायर बनविला आणि १९३६ मध्ये छोट्या मोटारींसाठी 'हाक्कापेलिट्टा' या नावाचा. त्याचे ठोकळे उंच व विरळ होते, त्यामुळे बर्फात ते रुतून पकड घेत. पुढे उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेत घरोघर टायरांचे दोन संच ठेवण्याची रीत पडली. शरद संपत आला की हिवाळी चढवायचे आणि वसंत आला की उतरवायचे. आपल्याकडे दिवाळीनंतर गोधड्या उन्हात घालून वापरायला काढतात, तसाच तो एक घरगुती वार्षिक सोहळा.

अमेरिकन कुटुंबाला मात्र हा सोहळा नकोसा होऊ लागला होता. दोन संचांचा खर्च, ते ठेवण्याची अडचण, वर्षातून दोनदा गॅरेजपुढची रांग आणि हिवाळी टायरांचा कोरड्या रस्त्यावरचा घरघराट अशा त्याच्या तक्रारी होत्या. याच सुमारास टायरची आतली बांधणी बदलली. पूर्वी टायरच्या आतील दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेद देत असत. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या आणि १९४९ मध्ये 'एक्स' या नावाने विक्रीस आणलेल्या टायरात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे गेले, आणि वरच्या थराखाली पोलादी तारांचा पट्टा आला. हाच रेडियल टायर. त्याची बाजू लवचीक राहते, जमिनीला टेकणारा भाग मात्र स्थिर राहतो. त्यामुळे झीज कमी, इंधन कमी आणि पकड अधिक. अॅक्रनच्या कंपन्यांनी यंत्रे बदलण्याचा खर्च टाळण्यासाठी बरीच वर्षे चालढकल केली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर मात्र त्यांना रेडियलकडे वळावेच लागले.

अशा वेळी, १९७७ मध्ये, गुडइयर कंपनीने 'टिएम्पो' नावाचा टायर बाजारात आणला. अमेरिकेतील पहिला ऑल-सीझन रेडियल म्हणून तोच सामान्यतः ओळखला जातो. 'टिएम्पो' या स्पॅनिश शब्दाचे काळ आणि हवामान असे दोन्ही अर्थ होतात. नाव मोठे हुशारीने निवडले होते. बारा महिने एकच संच, ही कल्पना कुटुंबांना इतकी पटली की पुढे अमेरिकेतील बहुतेक घरगुती गाड्या कारखान्यातूनच ऑल-सीझन टायरांवर बाहेर पडू लागल्या.

पण 'सर्व ऋतू' म्हणजे काय, हे कोणी ठरवले? टायरच्या अंगावर 'एम' आणि 'एस' ही अक्षरे छापलेली असतात. त्यांचा अर्थ चिखल व बर्फ. अमेरिकेच्या रबर उत्पादक संघटनेने ही खूण कोणत्या टायरला लावावी याची जी व्याख्या केली, ती नक्षीच्या भूमितीची होती. चरांचे क्षेत्र किती आणि ते कडेपर्यंत पोचतात काय, एवढेच तीत पाहिले जाई. तो टायर बर्फावर नेऊन चालवून पाहिलाच पाहिजे, अशी अट नव्हती. ज्यांनी शासकीय नियम वाचण्यात आयुष्य घालवले आहे त्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. अर्जाचा नमुना बिनचूक भरला की काम झाले असे मानण्याची ही पद्धत आहे.

नियमाची ही उणीव हिवाळ्यात उघडी पडे, कारण बर्फावरची पकड नक्षीइतकीच रबराच्या जातीवर अवलंबून असते. उन्हाळ्यासाठी बेतलेले मिश्रण पारा सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेला की ताठर होऊ लागते, आणि मग नक्षी कितीही खोल असली तरी ती रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही. हिवाळी मिश्रण थंडीत मऊ राहते, पण तेच उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर लवकर झिजते आणि वळणावर लिबलिबते. दुसऱ्या महायुद्धात मलायाचे रबर जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेने कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर बनविले. त्यामुळे निरनिराळ्या तापमानाला निरनिराळे वागणारी रबरे मिसळण्याची सोय रसायनशास्त्रज्ञांना झाली. १९९० च्या दशकारंभी मिशलँने काजळीच्या बरोबरीने सिलिका वापरून ओली पकड व इंधनाची बचत या दोहोंत सुधारणा केली. असे असूनही एकच मिश्रण दोन्ही टोकांना सर्वोत्तम ठरत नाही. ऑल-सीझन हा समझोता आहे. समझोत्यात दोष नाही, पण आपण कोणत्या गोष्टीवर पाणी सोडले हे सही करणाऱ्याला ठाऊक असावे.

म्हणून १९९९ मध्ये एक नवी खूण आली. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती मिळण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते. आरंभी अट अशी होती की प्रमाण म्हणून ठरविलेल्या टायरपेक्षा त्याची पकड किमान १० टक्के अधिक भरली पाहिजे. बारा महिने वापरण्याजोगा असूनही ही खूण मिळवणारा जो टायर, त्याला कॅनडात 'ऑल-वेदर' म्हणू लागले. ही खूण नसलेला, केवळ अक्षरांचा, तो 'ऑल-सीझन'. माझ्या कन्येच्या दुकानदाराने केलेला भेद शाब्दिक नव्हता, हे मला इथे उमगले. टोरांटोतील लोक ऑल-सीझनला थट्टेने 'तीन ऋतूंचा' म्हणतात. शेजारच्या क्यूबेक प्रांताने तर २००८ पासून हिवाळ्यात हिवाळी टायर सक्तीचेच केले आहेत. जर्मनीने १ जानेवारी २०१८ पासून तयार होणाऱ्या टायरांची हिवाळी रस्त्यांसाठीची नुसत्या अक्षरांची मान्यता काढून घेतली आणि आधी तयार झालेल्यांना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच मुदत दिली. १९७७ चा शब्द कायद्याच्या कसोटीवर घासून पाहायला चाळीस वर्षे लागली.

आता आपल्याकडे येऊ. ज्या १९७७ साली अमेरिकेत टिएम्पो आला, त्याच साली जे.के. टायर कंपनीने राजस्थानातील कांक्रोलीच्या कारखान्यातून भारतातला पहिला रेडियल बाहेर काढला. डनलॉपचा हुगळीकाठचा साहागंज येथील कारखाना १९३६ चा. पुढे तो बंद पडला. मूळची इटलीतील तुरिनची सिएट कंपनी १९५८ मध्ये मुंबईत आली. एम.आर.एफ.चा आरंभ १९४६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे के. एम. मम्मेन माप्पिल्लै यांनी काढलेल्या फुग्यांच्या छोट्या कारखान्यातून झाला. १९५२ मध्ये ती घासलेल्या टायरांवर चढवायचे रबर बनवू लागली आणि साठच्या दशकात स्वतःचे टायर. आपल्या वाचकांच्या गावांशीही या इतिहासाचा थेट संबंध आहे. फोंड्याजवळ उसगावला एम.आर.एफ.चा कारखाना १९७३ मध्ये आला, वडोदऱ्याजवळ लिमड्याला अपोलोचा १९९१ मध्ये, आणि इंदूरजवळ पिथमपूरच्या बाजूला खेडा येथे जपानच्या ब्रिजस्टोनचे उत्पादन १९९८ मध्ये सुरू झाले. गोव्याच्या, वडोदऱ्याच्या किंवा इंदूरच्या मराठी कुटुंबाच्या गाडीखाली फिरणारा टायर त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

अँबॅसडर आणि फियाटच्या काळात टायर निवडण्याचा प्रश्नच नसे. जो मिळेल तो घ्यायचा, घासला की रिमोल्ड करून पुन्हा वापरायचा. निवडीचा प्रश्न नव्वदीनंतर, नवनव्या गाड्यांबरोबर आला. आज दुकानात दहा कंपन्यांचे टायर मांडलेले असतात, आणि मोठ्या गाड्यांच्या टायरांवर 'एम' व 'एस' ही अक्षरेही दिसतात. ती पाहून काहीतरी अधिक मिळाल्याचा आनंद मानणारे गृहस्थ मला भेटलेले आहेत. पण काश्मीर, हिमाचल वगैरे डोंगरी मुलूख सोडला तर आपला हिवाळा टायरच्या दृष्टीने हिवाळाच नव्हे. ग्वाल्हेरला पौष-माघातल्या काही पहाटे पारा ५ अंशांखाली जातो, पण रस्त्यावर बर्फ नसतो आणि दुपारपर्यंत ऊब येते. आपले खरे ऋतू दोन. एक हैदराबाद-कलबुर्गीकडचा उन्हाळा आणि दुसरा सह्याद्रीचा पावसाळा. अमेरिकेने व्याख्या केलेले 'सर्व ऋतू' आणि आपले सर्व ऋतू एक नव्हेत.

उन्हाळ्याचा धोका अमेरिकेतही एकदा मोठ्या किमतीला कळला. २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने फोर्डच्या एक्स्प्लोरर गाड्यांना मुख्यत्वे बसविलेले लक्षावधी टायर परत मागविले. त्यांचा वरचा थर धावता धावता सुटून येत होता, आणि त्या अपघातांत अमेरिकेत २७१ माणसे गेल्याची नोंद तेथील सरकारने केली. अपघात उष्ण राज्यांत अधिक झाले होते. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकल्याने तापते आणि तापल्याने आतले थर सुटतात. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला, आणि त्यातूनच पुढे २००७ च्या सुमारास तेथील प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले.

पावसाळ्याचा धोका मला माझ्याच किमतीला कळला. २०१६ च्या मे महिन्यात मी आमची छोटी गाडी तपासणीसाठी टायरच्या दुकानात नेली होती. नक्षी बरीच उतरली होती. दुकानातला कारागीर म्हणाला, "साहेब, अजून एक पावसाळा आरामात निघेल." मला तेच ऐकायचे होते. जुलैमध्ये आम्ही बेळगावहून जांबोटी-कणकुंबीवरून पणजीला निघालो. बरोबर पत्नी आणि माझी वृद्ध आई. चोर्ला घाट उतरून केरीकडे येताना एका वळणावर रस्त्यावरून पाण्याचा पाट वाहत होता. वेग फार नव्हता. ब्रेकवर पाय ठेवला आणि सुकाणूतला सारा जोर एकदम नाहीसा झाला. चाके फिरत नव्हती, आणि गाडी मात्र चाललीच होती. ती दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन आदळली, हे आमचे नशीब. आईच्या मनगटाचे हाड मोडले. त्यानंतर ती शेवटपर्यंत उजव्या हाताने नीट जेवू शकली नाही. त्या कारागिराला मी दोष देत नाही. टायरच्या खाचेत घालून पाहायला एक पट्टी पुरली असती, आणि ती मी घातली नव्हती. आयुष्यभर इतरांच्या कागदांवर 'तपासून पाहावे' असा शेरा मारणाऱ्या माणसाने ते करायला हवे होते.

तेव्हा काय घडले, हे मला पुढे वाचनातून समजले. नव्या टायरची नक्षी साधारणपणे ८ मिलिमीटर खोल असते. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवर ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. त्या खोलीवर चरांमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे बसविलेले असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. पण कायद्याची मर्यादा ही शहाणपणाची मर्यादा नव्हे. चर उथळ झाले की पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि एका वेगापलीकडे टायर पाण्यावर उचलला जातो. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६० च्या दशकात यासाठी एक साधे सूत्र मांडले. हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. गुळगुळीत टायरला हे सूत्र लावले तर ३२ पौंड हवा असताना हा वेग तासाला सुमारे ९४ किलोमीटर येतो. तोच २४ पौंडांवर सुमारे ८२. आठ पौंडांच्या आळसाने बारा किलोमीटरची सुरक्षितता जाते. त्याहून कमी वेगातही पकड हळूहळू सुटत जातेच, आणि घाटात तेवढे पुरते.

कुटुंबाच्या गाडीसाठी टायर घेणाऱ्याने मग काय पाहावे? माझ्या मते पहिला प्रश्न हा, की आपल्याला सर्वांत धोक्याचा ऋतू कोणता. गोवा, बेळगाव, कोकण यांच्या वाटा चालणाऱ्याने ओल्या रस्त्यावरची पकड आणि रुंद, सरळ चर यांना पहिला मान द्यावा. टायर अधिक किलोमीटर चालतो या जाहिरातीपेक्षा ते महत्त्वाचे, कारण टिकाऊपणासाठी कठीण केलेले रबर बहुधा ओल्यात कमी धरते. २०२२ मध्ये आपल्या सरकारनेही ओली पकड, घरंगळण्याचा अवरोध व आवाज यांची मानके टायरांना लागू करण्याची अधिसूचना काढली. हैदराबाद, इंदूर, वडोदरा इकडे उन्हात लांबचा प्रवास करणाऱ्याने भार व वेग यांचे आकडे काटेकोर पाहावेत.

हे आकडे टायरच्या अंगावरच लिहिलेले असतात. '१८५/६५ आर १५ ८८ एच' असे असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १५ इंची. ८८ या अंकाचा अर्थ एका टायरवर ५६० किलो भार, आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडीच्या कारखान्याने दिलेल्या आकड्यांहून कमी भाराचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. आणखी एक चार अंकी आकडा असतो. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. २००० सालापासून हीच पद्धत आहे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर नवे म्हणून घरी येऊ नये, यासाठी तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असते. टायरवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, रोजची मात्रा नव्हे. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते, पण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि चालकाला ते लगेच कळते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

कन्येला मी फोन करून एवढेच सांगितले, "बाळ, नाव बघू नकोस. डोंगराची खूण आहे का बघ, आणि तुला हिवाळ्यात रोज गाडी काढावी लागते का ते बघ." तिला पहाटे रुग्णालयात कामावर जावे लागते आणि तिच्या घराजवळचा रस्ता उताराचा आहे. तिने शेवटी हिवाळी संच वेगळा घेतला. उन्हाळ्यातला संच तळघरात रचून ठेवलेला असतो. त्याचे छायाचित्र तिने मला पाठविले. चारही टायरांवर खडूने पुढचे, मागचे, डावे, उजवे असे मराठीत लिहिलेले होते.

आमच्या गाडीला चोर्ल्यानंतर मी पाचही टायर नवे घातले. पाचही म्हणजे स्टेपनीसह. आता दरवर्षी मृगाच्या आधी मी खाचेत पट्टी घालून खोली मोजतो आणि डायरीत लिहून ठेवतो. तीन मिलिमीटरवर आली की त्या वर्षीचा पावसाळा त्या टायरावर काढायचा नाही, असा नियम घरात केला आहे. ओढ्यात चाक भिजत घालणाऱ्या गाडीवानाला ही काळजी कोणी शिकवावी लागली नव्हती.